एकोणसाठ छेद सहासष्ट

आमच्या घरी वडिलांच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक अपूर्णांक लिहिलेला आहे : ५९/६६. कॉपिंग पेन्सिलीने, ठळक, गुरुजी फळ्यावर लिहितात तसा. दरसाल दिवाळीच्या आधी घर झाडायला निघते, कपाट अंगणात येते, त्यावर कधी रंगाचा हातही फिरतो. पण तेवढी वीतभर जागा सोडून. लहानपणी मला वाटे, हे एखाद्या अडलेल्या गणिताचे उत्तर असावे. पुढे कळले, की ते एका माणसाच्या नोकरीचे उत्तर आहे.

यंदा मात्र मी त्या दारापुढे स्वतःचे गणित घेऊन उभा राहिलो. मी मॅट्रिक होऊन, चित्रकलेची शिक्षकी पदविका घेऊन मास्तर झालेला माणूस. शाळेतून आलो की कादंबऱ्या लिहितो. चार छापून झाल्या, पाचवी डोक्यात आहे आणि तिला वेळ पुरत नाही. नोकरीला लवकरच दोन दशके होतील. तेव्हा एके रात्री मी घरात जाहीर केले, की आता राजीनामा द्यावा आणि लिहीत बसावे. सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "अहो, पण आकडा किती? आधी आकडा सांगा, मग राजीनामा लिहा."

आकडा मला सांगता येईना. लवकर निवृत्त होणाऱ्याचे पेन्शन किती कापले जाते, आणि का, ही साधी गोष्ट मी कुणाकुणाला विचारीत गेलो. बाबांना विचारले, मामांना विचारले, जुनी नियमांची पुस्तके चाळली. आणि चित्रकलेचा मास्तर इतिहासात जाऊन पडला. त्या भटकंतीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. घरोघर कुणी ना कुणी नोकरीत असतेच. फराळाच्या ताटाशी हा विषय थोडा कोरडा वाटेल, पण ताट भरलेले राहण्याशीच त्याचा संबंध आहे.

आरंभ आमच्या गावापासूनच करतो. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या घराण्यातल्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट इथेच सापडला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दिले, असे त्यात आहे. पगार नाही, वर्षे मोजणे नाही. राजाच्या मनात आले आणि गाव दिले. पण राजाचे देणे अगदी बिनशर्त असे, असेही समजू नये. याच वाकाटकांच्या मुख्य शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट अमरावतीकडचा आहे. एक गाव हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात सांगितले आहे, आणि लगेच अटही घातली आहे, की त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-हत्या करू नये, दुसऱ्या गावांशी भांडू नये. असे काही केले तर राजा ते गाव काढून घेईल आणि तो चोरीचा दोषी होणार नाही. पंधराशे वर्षांनंतरच्या आपल्या पेन्शनच्या नियमांत 'यापुढील चांगली वर्तणूक' ही गृहीत अट आहे. ती वाचताना मला चम्मकच्या त्या पत्र्याची आठवण झाली.

मध्ये पुष्कळ शतके गेली. सनदा आल्या, इनामे आली, वतने आली. पेन्शन हा शब्द मराठी माणसाच्या कानावर मोठ्याने पडला तो १८१८ साली. दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाख रुपये घेऊन ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. १८५१ साली तो वारला, तेव्हा दत्तक मुलगा नानासाहेब याने ते पुढे मागितले. डलहौसीच्या सरकारने उत्तर दिले, की ते देणे एका माणसापुरते होते, माणूस संपला, देणे संपले. पुढे १८५७ साली काय झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की देणारा देतो तोवर घ्यावे, थांबवले तर दाद कुणाकडे मागावी याला उत्तर नव्हते.

वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला तो १८५३ साली, हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चापायी. आमच्या शेजारचे हिंगोली हे त्या फौजेचे एक ठाणे. निजामाकडून पैसे वेळेवर येईनात म्हणून वऱ्हाडचा वसूल लावून घेतला. म्हणजे शिपायांचा पगार आणि पेन्शन भागावे म्हणून एक आख्खा मुलूख तारण पडला, असे म्हटले तरी चालेल. त्या राज्यात १८७१ साली पेन्शनचा कायदा झाला. त्यात दोन कलमे मोठ्या मौजेची आहेत. एका कलमाने सांगितले, की सरकारी पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही. दुसऱ्याने सांगितले, की पेन्शनीबद्दलचा दावा दिवाणी कोर्टात चालणार नाही. एका हाताने सावकारापासून राखले आणि दुसऱ्या हाताने कोर्टाचे दार लावून घेतले. पेन्शन अजून मेहेरबानीच होती. फक्त मेहेरबानीचे हिशेब ठेवायला कारकून बसला.

आणि कारकून बसला की अपूर्णांक आला. नोकरीची वर्षे मोजायची, प्रत्येक वर्षाला पगाराचा एक ठरलेला हिस्सा द्यायचा, ही पद्धत. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरांना दर वर्षाच्या नोकरीबद्दल सरासरी पगाराचा ऐंशीवा भाग मिळे. तीस वर्षे झाली की तीस ऐंशांश, म्हणजे रुपयाला साडेसदतीस पैसे. त्यापुढे वाढ नाही. १९७३ साली तिसाचे तेहतीस झाले. १९७९ साली ऐंशांश जाऊन पगाराच्या टप्प्यांवर हिशेब आला, आणि १९८६ पासूनच्या वेतनश्रेण्यांना सरळ निम्म्या पगाराचे माप लागले. माप बदलले, पण 'पुरी नोकरी तेहतीस वर्षांची' हा आकडा तसाच राहिला. तेहतीस वर्षे भरली त्याला निम्मा पगार. ज्याची कमी भरली त्याला निम्म्यातून त्या प्रमाणात.

लवकर निघणाऱ्याची पहिली कपात ती ही. ती मागे बघून केलेली आहे. तुम्ही किती दिलेत, एवढेच ती विचारते. तुमचे वय पंचेचाळीस आहे की पंचावन्न, तुम्ही पुढे किती जगणार, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

बाबांची गोष्ट आता सांगतो. ते १ जुलै १९७० रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. आमचा जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. १९९४ साली आजीला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. आई एकटी काय काय करणार, आणि बाबांची बदली तेव्हा लांबच्या खेड्यात. त्यांनी ठरवले, नोकरी सोडायची. ऑगस्टअखेर मोकळे व्हायचे म्हणून राजीनामा लिहिला आणि तो घेऊन ते कचेरीत गेले. तिथे एक वृद्ध बाबू होते. त्यांनी कागद वाचला, घडी घालून बाबांच्या खिशात परत ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, घाई काहून करता? हा शब्द कागदावर येऊ देऊ नका."

बाबू म्हणाले ते शंभर टक्के खरे होते. नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजीनामा दिला की मागली सारी सेवा जप्त होते. चोवीस वर्षांची नोकरी एका शब्दाने शून्य. वीस वर्षे भरलेल्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त व्हावे, म्हणजे पेन्शन शाबूत राहते. शिवाय तेव्हाच्या नियमाने अशा माणसाच्या सेवेत पाच वर्षांपर्यंत भर घालून मिळे. मात्र एकूण तेहतिसाच्या वर जायचे नाही आणि निवृत्तीच्या वयाच्या पलीकडेही जायचे नाही.

बाबूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. सेवा मोजायची ती वर्षांत नव्हे, सहामाहीत. तेहतीस वर्षांच्या सहासष्ट सहामाह्या. वर सुटे महिने राहिले, तर तीन महिने किंवा जास्त असले की पूर्ण सहामाही धरतात. तिनाहून कमी असले की सोडून देतात. बाबा ऑगस्टअखेर निघाले असते तर चोवीस वर्षे दोन महिने होत होते. दोन महिने वाया. एक महिना थांबून ३० सप्टेंबरला निघाले तर चोवीस वर्षे तीन महिने; म्हणजे एकोणपन्नास सहामाह्या. त्यात पाच वर्षांच्या दहा मिळवल्या की एकोणसाठ. बाबा एक महिना थांबले. कपाटावरचा अपूर्णांक तो हा.

रुपयांत सांगतो. शेवटच्या दहा महिन्यांचा सरासरी पगार अठराशे. त्याचा निम्मा नऊशे. नऊशेला सहासष्टांनी भागून एकोणसाठांनी गुणले की आठशे चार रुपये आणि वर थोडे. वरचा रुपया पुरा धरून आठशे पाच. ऑगस्टअखेर निघाले असते तर अठ्ठावन्न सहामाह्या, म्हणजे सातशे एक्क्याण्णव. एका महिन्याच्या धीराचे मोल दरमहा चौदा रुपये. आणि राजीनाम्याचा तो कागद गेला असता तर शून्य. त्या बाबूंना पुढे दरसाल दिवाळीला आमच्याकडून अनारशांचा डबा जात असे. ते वारले त्या वर्षी आईने अनारसे केले नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नऊशेचे आठशे पाच झाले, पंचाण्णव रुपये गेले, एवढ्यावर हे संपत नाही. महागाईभत्ता मूळ पेन्शनीवर मिळतो. पुढे वेतन आयोग आला की तोही मूळ पेन्शनीवरूनच नवा आकडा बांधतो. म्हणजे एकदा पडलेला अपूर्णांक जन्मभर सोबत चालतो. पुष्कळ लोक याची अंशराशीकरणाशी गल्लत करतात. पेन्शनीचा एक भाग आगाऊ एकरकमी घेतला, की दरमहा तेवढी कपात होते हे खरे. पण ती कपात पंधरा वर्षांनी थांबते आणि पेन्शन पूर्ववत होते. अपुऱ्या सेवेची कपात तशी थांबत नाही.

बाबा अपूर्णांकाबद्दल कधी कुरकुरले नाहीत. त्याचे कारण विचारले तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाकडे बोट दाखवीत. डी. एस. नकारा नावाचे संरक्षण मंत्रालयातले एक निवृत्त अधिकारी होते. १९७९ साली पेन्शनचे नवे उदार सूत्र आले, ते ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणारांनाच. नकारा १९७२ सालीच निवृत्त झालेले. एका तारखेने म्हाताऱ्यांचे दोन वर्ग का करता, असे विचारीत ते न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्ती बसले. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी निकालपत्र लिहिले आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी निर्णय झाला : पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची देणगी नव्हे, ती पूर्वी केलेल्या सेवेचे मोल आहे, तो हक्क आहे. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी अजून साजरा करतात. बाजीरावापासून चालत आलेली मेहेरबानी त्या दिवशी संपली. बाबा म्हणत, "माझे एकोणसाठ माझे आहेत. सात मी दिले नाहीत, ते मी कसे मागू?"

पण काळाची गंमत पाहा. केंद्राने २००८ साली आणि आपल्या राज्याने त्यामागोमाग २००९ साली तेहतिसाची अट काढून टाकली. वीस वर्षे भरली की पुरी निम्मी पेन्शन. आणि अपूर्णांकच गेल्यावर ती पाच वर्षांची भरही गेली. बाबांच्या मागून निघालेल्या कुणा गुरुजींना चोवीस वर्षांवर पुरे मिळाले. ज्या नियमाला बाबा निसर्गनियम समजून चालले होते, तो माणसांनी केलेला होता आणि माणसांनीच मोडला. त्या दिवशी मात्र ते कपाट उघडून बराच वेळ उभे होते, असे आई सांगते.

आता दुसरी कपात. तिचे मूळ वऱ्हाडात नाही, युरोपात आहे. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे तो एडमंड हॅली याने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक कोष्टक मांडले : अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी अमुक वर्षांनी किती उरतात. त्या काळी इंग्लंडचे सरकार लोकांकडून रक्कम घेऊन त्यांना तहहयात वर्षासन देत असे, पण तरुण असो की म्हातारा, भाव एकच. हॅलीने दाखवून दिले, की तरुणाला पुष्कळ वर्षे द्यावे लागणार, तेव्हा त्याचे वर्षासन महाग असले पाहिजे. पेन्शनचा हिशेब प्रथमच पुढे पाहू लागला. तुम्ही किती दिलेत, याबरोबर तुम्हाला किती काळ द्यावे लागेल, हा प्रश्न आला. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांना म्हातारपणचे पेन्शन दिले, त्याचे वय सत्तर होते. तिथवर पोहोचणारे कामगार थोडे, म्हणून खजिन्याला भार बेताचा.

आपल्याकडे कारखाने, गिरण्या, सहकारी संस्था यांतल्या माणसांना असे पेन्शन मिळाले ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून, कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून. मालकाच्या वाट्यातले सव्वाआठ टक्क्यांहून थोडे जास्त त्या निधीत जातात. हिशेब असा : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण पेन्शन. पन्नाशीनंतर कधीही आधी घेता येते, पण अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे चार टक्के कपात. आरंभी ती तीन टक्के होती. २००८ साली तिनाचे चार झाले.

आमचे मामा एका जिनिंगमध्ये फिटर होते. १९९६ साली लागले, २०१२ साली जिनिंग बंद पडले. सोळा वर्षे भरली होती, वय छप्पन्न. त्या वेळी पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा साडेसहा हजार. साडेसहा हजार गुणिले सोळा, भागिले सत्तर : चौदाशे पंच्याऐंशी रुपये. दोन वर्षे थांबले तर एवढे. लगेच घेतले तर आठेक टक्के कमी, म्हणजे तेराशे साठ-सत्तर. मामांनी लगेच घेतले, आणि सारे नातेवाईक त्यांना नावे ठेवू लागले, की दोन वर्षांसाठी जन्माचे नुकसान केले.

नुकसान खरेच झाले का, हे कुणी मांडून पाहिले नव्हते. यंदा मी आणि मामा ओट्यावर बसलो आणि मांडले. दोन वर्षे आधी घेतल्याने मामांना चोवीस हप्ते जास्त मिळाले. साधारण तेहतीस हजार रुपये. त्यापायी पुढे दरमहा एकशेवीसच्या आत-बाहेर तोटा. तेहतीस हजार फिटायला या हिशेबाने तेवीस वर्षे लागतात. अठ्ठावन्न आणि तेवीस, एक्याऐंशी. म्हणजे वयाच्या एक्याऐंशीच्या सुमारापर्यंत मामा फायद्यात आहेत, आणि त्यात व्याज धरलेले नाही. मामा खदखदून हसले. म्हणाले, "भाच्या, म्हंजे तेरा वर्सं मी लोकायचं फुकट आयकून घेतलं का रे?"

तेव्हा दुसऱ्या कपातीला दंड म्हणू नये. आधी मागितलेले पैसे जास्त वर्षांवर पसरून दिले, एवढाच तिचा अर्थ. पण हसून झाल्यावर मामा गप्प झाले. त्यांचे खरे दुःख त्या चार टक्क्यांत नव्हते. बाबांच्या पेन्शनीवर महागाईभत्ता चढत गेला. मामांच्या पेन्शनीवर भत्ताच नाही. २०१२ साली जो आकडा होता तोच आज आहे, आणि या काळात तेलाचा डबा कुठल्या कुठे गेला. कपात डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याविषयी सारे बोलतात; न वाढणे दिसत नाही. २०१४ साली या योजनेत किमान पेन्शन एक हजार ठरले. ते साडेसात हजार व्हावे आणि महागाईभत्ता मिळावा, या मागणीसाठी शेजारच्या बुलढाण्याला २०१८ च्या डिसेंबरात म्हातारी माणसे साखळी उपोषणाला बसली आणि वर्षानुवर्षे बसत राहिली. मामाही दोनदा एसटीने तिकडे जाऊन बसून आले.

आता माझी पाळी. मी जून २००६ मध्ये लागलो. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. अवघ्या सात महिन्यांनी माझा अपूर्णांकच नाहीसा झाला. आमच्या पगारातून दहा टक्के जातात, सरकारही दहा टक्के घाली, पुढे चौदा घालू लागले. ते बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी जो साठा होईल त्यातून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यायचे. नियत वयाला निवृत्त झालो तर साठ्याच्या किमान चाळीस टक्क्यांचे वर्षासन घ्यावे लागते, बाकी हातात येतात. आधी सोडली तर उलटे : ऐंशी टक्के वर्षासनात आणि फक्त वीस हातात. समजा, पंचवीस लाख जमले आहेत. आज सोडली तर पाच लाख हातात आणि वीस लाखांचे वर्षासन. सहा टक्के भाव धरला तर दरमहा दहा हजार. ते दहा हजार मामांच्या पेन्शनीसारखेच, न वाढणारे. आणि माझे वय कमी, म्हणून वर्षासनाचा भाव ठरवताना तिथे हॅलीसाहेबांचे कोष्टक आहेच.

ही तिसरी कपात. हिला टक्का नाही, छेद नाही, म्हणून ती कपात आहे हेच लक्षात येत नाही. बाबांचे सूत्र निवृत्तीच्या दिवशी बाबूंनी कागदावर मांडून दाखवले. माझे सूत्र त्या दिवशीच्या बाजाराला विचारावे लागेल. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले, १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत, तो संप पगारवाढीसाठी नव्हता. लोक आपला अपूर्णांक परत मागत होते. त्यानंतर राज्याने शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी देणारी सुधारित योजना देऊ केली. केंद्राची एकीकृत योजना १ एप्रिल २०२५ पासून आली, तिच्यात पंचवीस वर्षांना निम्मा आणि कमी असेल तर त्या प्रमाणात, असे पुन्हा माप आले आहे. पंचवीस वर्षांनी स्वेच्छेने निघालेल्याला तिच्यात टक्के कापत नाहीत. त्याला नियत वय येईपर्यंत थांबवतात. ही चौथी तऱ्हा. पैसा कापायचा नाही, वर्षे कापायची.

एवढे सगळे समजून घेतल्यावर मी बाबांपाशी जाऊन बसलो. त्यांचे वय आता सत्त्याहत्तर. म्हटले, "बाबा, त्या वेळी सात सहामाह्या सोडल्यात, कधी वाईट वाटले?"

ते म्हणाले, "तुझी आजी तीन वर्षे जगली. शेवटच्या वर्षी तिला पुन्हा बोलता येऊ लागले होते. पहिला शब्द माझे नाव होते. ते कितीला पडले ते मला ठाऊक आहे. पंचाण्णव रुपये महिना." मग थोडे थांबून म्हणाले, "किंमत ठाऊक असली की माणूस रडत नाही. तू कितीला सोडतोस ते आधी बघ. आणि कशासाठी, तेही."

मी आकडा घेऊन सौभाग्यवतींकडे गेलो. पाच लाख रोख, दहा हजार महिना, वाढ नाही. त्यांनी तो वाणसामानाच्या वहीत लिहिला, खाली मुलीच्या शिक्षणाचा, सासूबाईंच्या औषधाचा आणि तेलाचा आकडा लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. बेरीज मला चित्रकलेच्या मास्तरालाही जमली. पाचवी कादंबरी रोज पहाटे चार ते सहा लिहायची, असे ठरले. चहा त्या करून देणार आहेत. तो करार तोंडी आहे आणि त्यात कपातीचे कलम नाही.

यंदा कपाट पुन्हा आत ठेवले. त्या अपूर्णांकाखाली बाबांनी मला तीच जुनी पेन्सिल दिली आणि म्हणाले, तुझाही लिहून ठेव. मी जागा मोकळी ठेवली आहे.